भौतिकशास्त्राची पदवी : पुढे संशोधन की अध्यापन हे ठरलेलं नसेल तर विषय कसे निवडावेत?

उनाड इलेक्ट्रॉन

चार वर्षांचा, आठ सत्रांचा अभ्यासक्रम आहे. पहिल्या दोन सत्रांत प्राथमिक यामिकी, प्राथमिक वीज-चुंबकत्व आणि एका चलाचं कॅल्क्युलस झालं. तिसऱ्या सत्रापासून दर सत्रात एक विषय आपल्या पसंतीचा, म्हणजे एकूण सहा जागा हातात. पुढे पीएचडी करायची की शिकवायचं (शाळेत किंवा कॉलेजात) हे ठरलेलं नाही आणि इतक्यात ठरेल असं दिसतही नाही.

पर्याय असे : रेषीय बीजगणित, संमिश्र विश्लेषण, संगणकीय भौतिकी, इलेक्ट्रॉनिक्स, संख्याशास्त्र, सामान्य सापेक्षता, खगोलभौतिकी, रसायनशास्त्र, शैक्षणिक मानसशास्त्र, प्रबंध (याला दोन जागा लागतात).

दोन्ही वाटा शेवटपर्यंत खुल्या ठेवायच्या तर यातलं काय घ्यावं आणि कुठल्या क्रमाने? की दोन्ही डगरींवर पाय ठेवण्यात अर्थच नाही?

शून्याखाली

यादीत सामान्य सापेक्षता आहे म्हणजे धागा शंभरी गाठणार. जागा धरून बसतो.

व्हर्नियर

आधी क्रम, मग यादी. या पदवीत मुलं अडतात ती बहुतेक वेळा भौतिकशास्त्रामुळे नाही, तर लागणारं गणित एक सत्र उशिरा आल्यामुळे. गणित आणि त्याचा वापर एकाच सत्रात आले की दोन्ही अर्धवट राहतात. म्हणून प्रत्येक मुख्य विषयासमोर त्याला काय लागतं ते लिहून काढा आणि ते किमान एक सत्र आधी संपेल असं बघा.

वरच्या पातळीच्या वीज-चुंबकत्वाआधी अनेक चलांचं कॅल्क्युलस हवं. ग्रेडियंट, डायव्हर्जन्स, कर्ल यांची सूत्रं पाठ असणं पुरत नाही. एखाद्या पृष्ठातून जाणारा फ्लक्स गोलीय निर्देशकांत स्वतः मांडून काढता आला पाहिजे. क्वांटमआधी रेषीय बीजगणित हवं, आणि तेही केवळ मेट्रिक्सचे गुणाकार नव्हेत. सदिश अवकाश, आधार बदलणं, आयगनव्हॅल्यू (मेट्रिक्स ज्या सदिशाची दिशा बदलत नाही त्याला ती जितक्या पटीने ताणते ती संख्या; असा सदिश म्हणजे आयगनसदिश), हर्मिशियन मेट्रिक्सच्या आयगनव्हॅल्यू वास्तव का असतात, इथपर्यंत यायला हवं. स्टॅट मेकआधी (म्हणजे सांख्यिकीय यामिकीआधी) संभाव्यता आणि गाउशियन इंटिग्रल. फूरिए श्रेणी आणि चलं वेगळी करून आंशिक विकल समीकरणं सोडवणं तर दोन-तीन विषयांना एकदम लागतं.

रेषीय बीजगणित तिसऱ्या सत्रातच घ्या. त्याचं पहिलं फळ क्वांटममध्ये नव्हे, यामिकीतच मिळतं. स्प्रिंगने जोडलेले दोन सारखे लंबक घ्या. गतीची समीकरणं मांडली की दोन बाय दोनची मेट्रिक्स मिळते. तिचा एक आयगनसदिश म्हणजे दोन्ही लंबक बरोबर हलणं, दुसरा म्हणजे उलटसुलट हलणं. पहिल्यात स्प्रिंग ताणलीच जात नाही, त्यामुळे वारंवारिता सुट्या लंबकाइतकीच राहते. पुढे क्वांटममध्ये दोन अवस्थांची प्रणाली येते तेव्हा हीच मेट्रिक्स पुन्हा भेटते. ज्याने ती लंबकांवर सोडवलेली असते त्याला तिथे नवं काहीच वाटत नाही.

संमिश्र विश्लेषणाला आत्ता जागा देऊ नका. रेसिड्यू प्रमेय वापरून इंटिग्रल सोडवण्याइतकं बहुतेक गणितीय पद्धतींच्या विषयात येतं.

चौथी मिती

व्हर्नियरशी ९०% सहमत. उरलेले १०% सामान्य सापेक्षतेसाठी राखून ठेवतो :)

शून्याखाली यांनी चेष्टा केली खरी, पण हा विषय वाईट नाही, वेळ वाईट निवडली जाते. लोकप्रिय पुस्तकं वाचून पाचव्या सत्रात घेतला की पहिले काही आठवडे निर्देशांक वर-खाली करण्यात जातात आणि वक्र अवकाशाचं भौतिकशास्त्र सुरू होईपर्यंत दम संपतो. त्याआधी दोन गोष्टी हव्यात. विशिष्ट सापेक्षता चतुःसदिशांच्या (काळ आणि स्थान एकत्र धरणाऱ्या सदिशांच्या) भाषेत झालेली असावी (नुसते घड्याळ-गाडीचे प्रश्न नव्हेत), आणि लाग्रांजियन यामिकीत हात बसलेला असावा, कारण जिओडेसिक (वक्र अवकाशातली 'सरळ' वाट) काढणं म्हणजे शेवटी ऑयलर-लाग्रांज समीकरणच. हे असेल तर आठव्या सत्रात खुशाल घ्या. नसेल तर विषय सोडा, पुढे केव्हाही शिकता येतो.

खडू-फळा

"दोन्ही डगरींवर पाय" ही भीती पहिल्या दोन-अडीच वर्षांपुरती निराधार आहे. यामिकी, वीज-चुंबकत्व, थर्मो (उष्मागतिकी), क्वांटम आणि लॅब दोघांनाही तितकंच लागतं. शिकवणाऱ्याला कमी भौतिकशास्त्र चालतं हा समज चुकीचा आहे. उलट प्रश्न कुठल्या दिशेने येईल हे त्याच्या हातात नसतं. वाटा फुटतात त्या साधारण सहाव्या सत्रापासून.

तरी अध्यापनाच्या दृष्टीने तीन गोष्टी आत्ताच पाहून ठेवा.

एक, जिथे शिकवायचं तिथल्या परवान्याच्या अटी. शाळेसाठी वेगळ्या, कॉलेजसाठी वेगळ्या. शाळेत शिकवायला अनेक ठिकाणी शिक्षणशास्त्राचं वेगळं प्रशिक्षण लागतं. ते पदवीच्या आतच असेल तर वर्गातल्या सरावाला जवळजवळ पूर्ण सत्र जातं आणि ते नेमकं प्रबंधाच्या सत्रावर आदळतं. ही टक्कर चौथ्या सत्रात कळली तर टाळता येते, सातव्यात नाही.

दोन, जोडविषय. शाळेत नुसतं भौतिकशास्त्र क्वचित शिकवायला मिळतं, सोबत रसायन किंवा गणित येतं. गणित तुमचं आपोआप होतंय, रसायनाची एक जागा विचारात घ्या.

तीन, विद्यार्थी कुठे चुकतात याचा अभ्यास. हे स्वतंत्र शास्त्र आहे. १९९२ साली हेस्टेनेस, वेल्स आणि स्वॅकहॅमर यांनी बल या संकल्पनेवरची बहुपर्यायी चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात आकडेमोड जवळपास नाहीच, आणि चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्या खऱ्या गैरसमजांतून घेतलेले आहेत. अभ्यासक्रमाच्या आधी आणि नंतर ती द्यायची आणि जेवढी वाढ शक्य होती त्यातली किती झाली ते काढायचं. म्हणजे वर्ग ४०% वरून ७०% वर गेला तर शक्य वाढ ६०, झालेली ३०, लाभांक ०.५. हेक यांनी १९९८ मध्ये सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे आकडे एकत्र केले. निव्वळ व्याख्यानांच्या वर्गांचा सरासरी लाभांक ०.२३ निघाला, विद्यार्थ्यांना वर्गातच विचार करायला आणि बोलायला लावणाऱ्या वर्गांचा ०.४८.

शैक्षणिक मानसशास्त्राच्या सर्वसाधारण विषयापेक्षा हे वाचन भौतिकशास्त्र शिकवणाऱ्याला जास्त कामाचं आहे, असं माझं मत. परवान्यासाठी मानसशास्त्र सक्तीचं असेल तर गोष्ट वेगळी.

नुसताच वाचक

वाचनखूण साठवली. गैरसमजांचं एखादं उदाहरण द्याल का?

खडू-फळा

@नुसताच वाचक, एक आदर्श बॅटरी, दोन सारखे बल्ब एकापुढे एक जोडलेले. पहिला प्रश्न : कुठला जास्त उजळ? "बॅटरीजवळचा, कारण वीज आधी त्याला मिळते" हे उत्तर हमखास येतं. म्हणजे विद्युतधारा वाटेत खर्च होते अशी समजूत. दुसरा प्रश्न : एका बल्बच्या दोन टोकांना तार जोडून तो शॉर्ट केला तर दुसऱ्याचं काय होईल? रोध स्थिर धरला तर धारा दुप्पट, शक्ती चौपट. आता तिसरा, शिक्षकासाठीचा प्रश्न : प्रत्यक्षात चौपट का मोजली जात नाही? कारण तंतू तापला की त्याचा रोध वाढतो, म्हणून शक्ती चौपटीहून कमी वाढते. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तयार नसेल तर प्रयोग दाखवताना पंचाईत होते.

घर्षण

इतके प्रतिसाद झाले आणि लॅब हा शब्द एकदा ओझरता आला. नेहमीचंच.

संशोधन असो की अध्यापन, त्रुटींचं विश्लेषण ज्याला येतं तो वेगळा उठून दिसतो. आणि ते शिकायला महागडं यंत्र लागत नाही, लंबक पुरतो. एक मीटर लांबी, आवर्तकाल सुमारे २ सेकंद. हाताने घड्याळ चालू-बंद करण्यात ०.२ सेकंदाची अनिश्चितता धरा. एकच आंदोलन मोजलं तर आवर्तकालात १०% आणि गुरुत्वत्वरणात २०%, कारण सूत्रात आवर्तकालाचा वर्ग आहे. सलग ५० आंदोलनं मोजली तर तीच ०.२ सेकंद १०० सेकंदांत विरते : आवर्तकालात ०.२%, उत्तरात ०.४%. लांबी एक मिलिमीटरपर्यंत मोजली तर तिचा वाटा ०.१%, म्हणजे लांबीवर आणखी घाम गाळण्यात अर्थ नाही. कुठे कष्ट घ्यायचे हे गणितच सांगतं.

आता खरी गंमत. लंबक २० अंशांवरून सोडला असेल तर आवर्तकाल लहान कोनाच्या सूत्रापेक्षा सुमारे ०.७७% जास्त येतो आणि गुरुत्वत्वरण दीड टक्क्याने कमी. ५० काय, ५०० आंदोलनं मोजा, कोन मोठा राहिला तर ही चूक जात नाही. (लंबक हळूहळू मंदावत असल्याने ती मधेच बदलते, हे आणखी वाईट.) ५ अंशांवर हीच चूक आवर्तकालात ०.०५% उरते. यादृच्छिक आणि पद्धतशीर त्रुटींमधला फरक याहून स्वच्छ कुठे दिसत नाही.

म्हणून माझी जागा संख्याशास्त्राला.

शून्याखाली

तरीही सगळ्यांच्या जर्नलात उत्तर ९.८ येतं. लंबक बिचारे फार आज्ञाधारक.

घर्षण

@शून्याखाली, हसू नका, हेही पकडता येतं. दहा बिंदूंतून सरळ रेषा बसवली तर दोन स्थिरांक गेले, उरले आठ. काय-वर्गाची (बिंदू रेषेपासून त्यांच्या अनिश्चिततेच्या मानाने किती लांब आहेत त्याचं माप) किंमत आठच्या आसपास हवी. ४० आली तर एकतर अनिश्चितता कमी धरली आहे किंवा रेषा हे प्रारूपच चुकीचं. आणि ०.५ आली तर? अनिश्चितता फार जास्त धरली आहे, किंवा आकडे घरी बसून लिहिले आहेत. अति गुळगुळीत आलेखाचा संशय यायलाच हवा.

अर्धायुष्य

संगणकीय भौतिकी चौथ्या सत्रात, याबाबत तडजोड नको. आज प्रायोगिक, सैद्धांतिक, खगोल, कुठेही जा, पहिलं काम बहुधा कुणाचा तरी कोड वाचण्याचं असतं. पायथनमध्ये सुरुवात करा, कोडच्या आवृत्त्या गिटमध्ये ठेवा, अहवाल लाटेकमध्ये लिहा. भाषा महिन्याभरात येते. वेळ लागतो तो उत्तरावर अविश्वास दाखवायला शिकण्यात.

नमुना म्हणून सरल आवर्ती दोलक साध्या ऑयलर पद्धतीने (दर टप्प्याला स्थान आणि वेग दोन्ही जुन्या किमतींवरून पुढे नेणं) सोडवा. कोनीय वारंवारिता गुणिले कालटप्पा ०.१ ठेवा. प्रत्येक टप्प्याला ऊर्जा १.०१ ने गुणली जाते, शंभर टप्प्यांत ती २.७ पट होते. घर्षण नाही, बाहेरून बल नाही, तरी दोलक फुगत जातो. कोडमध्ये एकही चूक नाही, पद्धतच तशी आहे. आता एकच ओळ बदला : आधी वेग पुढे न्या आणि मग नव्या वेगाने स्थान पुढे न्या. ऊर्जा आता थोडी वरखाली होते, पण वाढत सुटत नाही.

दुसरी सवय : कालटप्पा अर्धा करून पुन्हा चालवणं. चौथ्या क्रमाच्या रुंगे-कुट्टा या अधिक अचूक पद्धतीमध्ये चूक साधारण सोळाव्या हिश्श्यावर यायला हवी. येत नसेल तर कोडमध्ये ढेकूण (बग) आहे.

व्हर्नियर

@अर्धायुष्य, मुद्दा मान्य, पण एक भीती आहे. चौथ्या सत्रात प्रोग्रॅमिंग आलं की मुलं हातानं इंटिग्रल करणं सोडून देतात. मग स्टॅट मेकमध्ये स्टर्लिंगचं सूत्र (मोठ्या संख्येच्या फॅक्टोरियलचा अंदाज देणारं) कधी लावायचं आणि कधी नाही याचा अंदाज राहत नाही. १० च्या फॅक्टोरियलचा नैसर्गिक लॉग १५.१ आहे, दोन पदांचं स्टर्लिंग १३.० देतं. १०० ला ३६३.७ विरुद्ध ३६०.५, म्हणजे एक टक्क्याच्या आत. दहा कणांच्या प्रश्नात सूत्र ठोकून देणारे आणि उत्तर का जुळत नाही म्हणून कोडमध्ये शोधणारे कमी नाहीत.

अर्धायुष्य

हे तुम्ही आकडे काढूनच दाखवलंत की! माझा मुद्दा तोच आहे. कागद आणि कोड एकमेकांना तपासायला हवेत.

मोजपट्टी

विषयांवर चर्चा छान चाललीय, पण वेळापत्रकाकडे कुणी पाहिलं नाही. पीएचडीचे किंवा पदव्युत्तरचे अर्ज बऱ्याच ठिकाणी प्रवेशाच्या आठ-दहा महिने आधी जातात. म्हणजे तुमच्या बाबतीत सातव्या सत्रात. त्या वेळी हातात काय असतं? सहाव्या सत्रापर्यंतचे गुण आणि सहाव्या सत्रापर्यंत केलेलं काम. आठव्या सत्रातला प्रबंध कितीही देखणा झाला तरी अर्ज वाचणाऱ्याला तो दिसत नाही.

शिफारसपत्रं सहसा तीन लागतात. त्यातलं किमान एक तरी तुमचं काम जवळून पाहिलेल्या माणसाचं हवं. "वर्गात पहिल्या पाचांत होता" असं पत्र गुणपत्रिकाच पुन्हा सांगतं. "मोजणीत गडबड आहे हे याने स्वतः शोधलं आणि दोन आठवड्यांत उपकरण पुन्हा लावून दिलं" असं पत्र कुणीतरी लिहायला हवं असेल, तर तसं काम त्यांच्यासमोर व्हायला हवं. म्हणून संशोधनगटात शिरकाव पाचव्या सत्राच्या शेवटी. विचारायला जाताना त्या गटाचे एक-दोन शोधनिबंध वाचून जा. सगळं कळायची गरज नाही. आकृत्या पाहा, कुठल्या आलेखावर निष्कर्ष उभा आहे ते ओळखा आणि एक नेमका प्रश्न घेऊन जा.

पत्र मागताना चार ते सहा आठवडे आधी मागा. सोबत गुणपत्रिका, अर्जातलं निवेदन, कुठे कुठे अर्ज करताय त्याची तारखांसह यादी आणि त्यांच्याकडे काय काम केलं त्याच्या पाच-सात ओळी द्या. नकार येण्याची मुभाही ठेवा. कोमट पत्रापेक्षा नकार बरा.

खडू-फळा

मोजपट्टी यांना +१. पुरवणी : खालच्या वर्गाच्या विद्यार्थ्यांना लॅबमध्ये किंवा उजळणी वर्गात मदत करण्याची संधी असेल तर चौथ्या-पाचव्या सत्रात घ्या. अध्यापनासाठी तो अनुभव आहेच. संशोधनाच्या अर्जातही वाया जात नाही, कारण अनेक विभागांत पीएचडीच्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं. आणि शिकवणं आपल्याला आवडतं का, याचं उत्तर परवान्याचे पैसे भरण्याआधी मिळतं.

चौथी मिती

अवांतर : इलेक्ट्रॉनिक्सबद्दल कुणीच काही बोललं नाही. प्रायोगिक दिशेचा थोडाही विचार असेल तर ते संख्याशास्त्राच्या बरोबरीने मोजा.

घर्षण

@चौथी मिती, अवांतर कसलं, हेच तर विषयाला धरून. ऑसिलोस्कोपच्या प्रोबची भूचिमटी थेट अर्थिंगला जोडलेली असते. अर्थिंग असलेल्या सर्किटच्या मधल्या बिंदूला ती लावली की तो बिंदू जमिनीला शॉर्ट. हे न सांगितलेल्या वर्गात फ्यूज जात राहतात. दुसरं, स्कोपचा आदान-रोध साधारण एक मेगओहम. स्रोताचा रोधही एक मेगओहम असेल तर पडद्यावर निम्मंच व्होल्टेज दिसतं, आणि विद्यार्थी स्रोत बिघडला म्हणून बदलत बसतो. दहापटीचा प्रोब लावला की रोध दहा मेगओहम होतो आणि चूक एक अकरांश उरते.

पण यासाठी अख्खा विषय घ्यायची गरज नाही. ऑप-अॅम्प (संकेत वाढवणारी चिप), फिल्टर, गोंगाट आणि भूजोडणी एवढं प्रगत लॅबमध्ये होत असेल तर जागा वाचवा. होत नसेल तर घ्या.

उनाड इलेक्ट्रॉन

सगळ्यांचे आभार, एवढं अपेक्षित नव्हतं. प्रगत लॅबमध्ये ऑप-अॅम्प आणि फिल्टर आहेत, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्स सोडतोय. कच्ची मांडणी अशी :

तिसरं सत्र रेषीय बीजगणित, चौथं संगणकीय भौतिकी, पाचवं संख्याशास्त्र, सहावं रसायन, सातवं आणि आठवं प्रबंध.

मुख्य विषयांत क्वांटम पाचव्यात, स्टॅट मेक सहाव्यात आहे. चालेल?

व्हर्नियर

पहिल्या तिन्ही जागा पक्क्या. संख्याशास्त्र स्टॅट मेकच्या आधी आलं हे उत्तम. फक्त पाचव्यात क्वांटम आणि वरचं वीज-चुंबकत्व एकत्र येतंय का पाहा. दोन्हींचे गृहपाठ जड असतात, त्यात लॅबचा अहवाल. तसं असेल तर त्या सत्रात चौथा जड विषय नको, संख्याशास्त्र चौथ्यात ओढा आणि संगणकीय पाचव्यात ढकला.

अर्धायुष्य

निषेध! :) पण दोन्ही जड विषय खरंच एकत्र येत असतील तर चालेल. मधल्या सुट्टीत वरचा दोलक सोडवून ठेवा म्हणजे झालं.

मोजपट्टी

अडचण शेवटच्या तीन जागांत आहे. प्रबंध सातव्यात सुरू होतो आणि अर्ज सातव्यातच जातात. मार्गदर्शकाने तुम्हाला धड महिनाभर पाहिलेलं असेल आणि पत्र मागाल. प्रबंधाच्या दोन जागा सहाव्या आणि सातव्या सत्रात घेता येतात का ते विभागात विचारा. मग आठवं मोकळं राहतं. शिकवायचं ठरलं तर तिथे रसायन, संशोधनाचं ठरलं तर चौथी मिती यांची सामान्य सापेक्षता.

खडू-फळा

रसायन आठव्यात चालेल, पण त्याला पूर्वअट म्हणून प्राथमिक रसायनाचा विषय मागतात का ते आधी बघा. मागत असतील तर एकाऐवजी दोन जागा जातील आणि मग ते पदवीनंतर वेगळं करणं सोयीचं. परवान्यात वर्गातला सराव पदवीच्या आतच मागत असतील तर तो आठव्यात बसवा, सातव्यात अर्ज आणि प्रबंध दोन्ही असतील.

उनाड इलेक्ट्रॉन

प्रबंध सहाव्यात सुरू करायला मार्गदर्शकाची लेखी संमती लागते असं नियमपुस्तिकेत आहे. म्हणजे पाचव्या सत्रातच कुणाला तरी गाठायला हवं?

मोजपट्टी

चौथ्याच्या शेवटी. पाचव्यात सगळ्यांचीच धावपळ सुरू होते आणि चांगल्या गटांतल्या जागा तोवर भरतात. संगणकीय विषयातला एखादा नीट केलेला प्रकल्प सोबत घेऊन जा, नुसती गुणपत्रिका नको.

शून्याखाली

शंभरी काही झाली नाही. सापेक्षतावाल्यांनी निराशा केली.